हे काकाच्या नावानं

मागच्या आठवड्यात रत्नागिरीत मांडवीच्या समुद्रावर भेळ खात बसले होते. शेजारच्या कट्ट्यावर एक मामा आपल्या भाच्याला शहाणपण शिकवत होता. भाचा बारावी होऊन मुंबईला कॉलेजला निघालेला. मामा म्हणाला, "शिकायला जातोयस, शिकून ये. मुंबई बघायच्या भानगडीत पडू नको. त्याला खिशात दम लागतो." माझा घास तोंडातच राहिला. हेच वाक्य मी नलूच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं की मला ते पाठ झालं होतं. नलू तिथं असती तर तिनं त्या मामाला हसून नमस्कार केला असता, त्याचं नाव-गाव गोड बोलून काढून घेतलं असतं, आणि मग दोन-चार वर्षांनी का होईना, त्याला ते वाक्य पुन्हा गिळायला लावलं असतं. नलूला कधीच घाई नसायची.

नलू म्हणजे नलिनी. संगमेश्वरच्या पुढं हायवे सोडून आत बरंच चालत गेलं की तिची वाडी. रत्नागिरीला कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. मी रत्नागिरीतलीच, ती वसतिगृहातली. अंगानं बारकी, वेणी घट्ट, आणि चाल अशी की तिच्याबरोबर चालणाऱ्याला अर्धा वेळ धावावंच लागे. बोलायची हळू, हसायची बारीक. पहिल्या भेटीत लोक तिला गरीब गाय समजत. मीही समजले होते. मग एकदा प्रॅक्टिकलच्या तासाला एका मुलीनं तिच्या गावंढळ हेलाची नक्कल केली. नलूनं आपलं प्रॅक्टिकल शांतपणे पुरं केलं. वर्षभरानं त्याच मुलीला गॅदरिंगच्या नाटकात कोकणी मोलकरणीचं काम मिळालं, आणि हेल शिकवायला तिला नलूकडेच यावं लागलं. नलूनं तिला इतका वेगळाच, इतका विचित्र हेल शिकवला की पहिल्या वाक्यालाच सगळा हॉल हसून लोळला. खरं तर ते काम लोकांना रडवणारं होतं. क्षमा हा थोरांचा दागिना आहे असं म्हणतात. नलू आणि मी, आम्हा दोघींनाही दागिन्यांची हौस नव्हती, म्हणून आमचं जमलं.

बी.एस्सी. झाल्यावर आम्ही दोघी एम.एस्सी.साठी मुंबईला निघालो. ते अठ्ठ्याण्णव साल. कोकण रेल्वे नवी नवी होती, बोगदा आला की डब्यातली माणसं अजून गप्प होऊन बाहेर बघत. त्या प्रवासात नलूनं मला तिची गोष्ट सांगितली. ती सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

आमच्याकडच्या गावांची मुंबईत एक खोली असते. गावकीची खोली. कधी काळी घराघरातून वर्गणी काढून घेतलेली. गावचा पुरुष नोकरीला मुंबईत गेला की त्याला त्या खोलीत भिंतीलगत एका चटईची जागा मिळते, डोक्यावर एक खुंटी आणि पायाशी एक ट्रंक. नलूच्या गावची अशी खोली लालबागच्या एका चाळीत होती. तिचे वडील छापखान्यात कामाला होते. त्यांचं सगळं आयुष्य त्या खोलीतल्या एका खुंटीखाली गेलं. खोलीत बायकांना मुक्कामाची बंदी होती, आणि खोलीचा कारभार वडिलांच्या धाकट्या भावाकडे, भाऊकाकाकडे होता. हा काका गोदीत मुकादम होता.

नलू शाळेत असताना वडील तिकडं आजारी पडले. आई गाठोडं बांधून निघाली. तेवढ्यात काकाचा निरोप आला: खोलीत बाईमाणसाची सोय नाही, वैनीनं येऊ नये, मी आहे. आई गाठोडं सोडून बसली. वडील दवाखान्यातून खोलीवर परत आले आणि तिथंच गेले. आईच्या वाट्याला आली ती काकानं आणलेली पत्र्याची ट्रंक. त्यानंतरही आईनं खोलीची वर्गणी कधी चुकवली नाही. नवऱ्याचं नाव खोलीतून कमी होऊ नये म्हणून.

हे एक झालं. दुसरं त्या वर्षीच्या मे महिन्यातलं. काका गावाला आला होता. गावात त्याच्या शब्दाला फार मान. तो मान त्याच्या कर्तबगारीचा नव्हता, मुंबईचा होता. संध्याकाळी तो ओटीवर बसे आणि मुंबईच्या गोष्टी सांगे. गाव तोंड उघडं टाकून ऐके. नलूच्या आईनं सगळ्यांसमोर त्याला विनवलं, "भावजी, पोर शिकायला येतेय तिकडं. सुट्टीच्या दिशी जरा मुंबई दाकवा तिला." काका हसला. म्हणाला, "वैनी, मुंबई बगायला खिशात दम लागतो. तुमच्यासारक्यांनी देव्हाऱ्यातले देव बगावे." लोक हसले. आईसुद्धा हसली.

"आई हसली गो," नलू मला गाडीत सांगत होती. "तो बोलला त्याचं काय नाय. पण ती हसली, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाय."

मग तिनं डब्यातून आंबापोळीचा तुकडा काढला, अर्धा मला दिला आणि म्हणाली, "मला मुंबईत दोन गोष्टी करायच्यात. आईला त्या खोलीत झोपवायचंय, बाबांच्या खुंटीखाली. आणि काकाला खोलीच्या बाहेर."

"आणि एम.एस्सी.?"

"ते होईल मधेच."

तिचा हिशेब साधा होता. काकाचं गावातलं वजन मुंबईच्या जोरावर. तेव्हा आधी मुंबई काकापेक्षा जास्त बघायची, आणि त्याच्या नाकावर टिच्चून, खिशात दम नसताना बघायची. आमच्या खिशात काय होतं ते सांगण्यासारखं नाही. तिची स्कॉलरशिप यायची तेव्हा यायची. पण मी आजवर अनेक पैसेवाले लोक मुंबई बघताना पाहिले, नलूसारखी मुंबई कुणी बघितली नाही.

मुंबईतही आम्ही वसतिगृहात एका खोलीत होतो. रविवारी सकाळी ती मला हलवून उठवायची. खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत पाण्याची बाटली, भाकरी, सुकटीची चटणी आणि गावाहून आणलेली आंबापोळी. उपाशी पोटी शहर बघायचं नाही हा तिचा पहिला नियम. भूक लागली की माणसाला शहर दिसत नाही, फक्त हॉटेलं दिसतात, असं ती म्हणे. दुसरा नियम, लपूनछपून कुठं शिरायचं नाही. जिथं दार उघडं आहे तिथं ताठ मानेनं जायचं. मुंबईत किती दारं उघडी असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. डबलडेकरच्या वरच्या मजल्यावरची पुढची सीट धरली की काचेतून अख्खं शहर अंगावर येई, आणि त्याला साधं बसचं तिकीट पुरे. काळ्या घोड्याजवळच्या गॅलरीत चित्रं बघायला कुणी काही विचारत नसे. म्युझियममध्ये विद्यार्थ्यांना सवलत होती. गिरगावात गणपतीच्या दिवसांत मांडवासमोर असे असे गवई गात की एरवी त्यांच्या दारात उभं राहायची आमची प्राज्ञा नव्हती. फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं उभ्यानं वाचता येत. नलू एक पुस्तक एका रविवारी अर्धं वाचून ठेवी, खूण म्हणून बसचं तिकीट घाली आणि पुढच्या रविवारी पुढं वाची. पुस्तकवाल्यानं ते तिकीट कधी काढलं नाही.

आणि काहीही बघून झालं की ती त्याच्यासमोर थोडा वेळ उभी राही. सुंदर आहे, केवढं आहे, असलं काही नाही. कोर्टात साक्षीदाराकडे बघावं तशी बघायची. मग पिशवीतून आंबापोळीचा एक तुकडा मोडून तोंडात टाकायची आणि म्हणायची, "हे काकाच्या नावानं." समुद्र काकाच्या नावानं. म्युझियमचा घुमट काकाच्या नावानं. एकदा रस्त्यावर एका सिनेनटीची गाडी सिग्नलला थांबली, काच अर्धी खाली होती. नलूनं तिलाही नीट बघून घेतलं आणि आंबापोळी काढली.

तिचा डूख फक्त काकापुरता होता असं नाही. दादरच्या एका बड्या साड्यांच्या दुकानात आम्ही नुसत्या गारव्याला शिरलो होतो. मे महिना, बाहेर डांबर वितळत होतं. तिथला एक विक्रेता आमच्या चपलांकडे बघून म्हणाला, "ताई, इथं चारआकडी सुरुवात होते. पुढच्या गल्लीत बघा." मी वळलेच होते. नलू गादीवर मांडी घालून बसली. म्हणाली, "आईला साडी घ्यायचीय. शालू दाखवा." बिचाऱ्याचा नाइलाज झाला. बाई मांडी घालून बसली की साडी उलगडावीच लागते. त्यानं एक उलगडली, दुसरी उलगडली. नलू प्रत्येकीचा पदर हातावर घेई, उजेडात धरी, काठ उलटून मागचे दोरे बघी आणि अत्यंत आदबीनं म्हणे, "ह्यात जरा गडद?" दुकानात थंडगार वारा, आम्हाला कुणी पाणी आणून दिलं, समोर रेशमाचा ढीग. आम्ही इतक्या शांतपणे इतकं सुंदर काही कधी बघितलं नव्हतं. शेवटी ढिगामागून विक्रेत्याचं नुसतं डोकं दिसत होतं. नलू उठली, हात जोडले आणि म्हणाली, "साड्या चांगल्या आहेत तुमच्याकडं. पुढच्या गल्लीतही बघून येते, तुम्हीच म्हणालात ना?" तो दिवस आठवला की मला अजून बरं वाटतं.

पहिला संशय मात्र एका मोठ्या हॉटेलात आला. काकानं गावात सांगितलं होतं, की मुंबईच्या बड्या हॉटेलात आपण साहेबाबरोबर चहा घेतला आणि तिथं खुर्चीत टेकलं की खुर्ची आपोआप मागं जाते. आम्ही त्यातल्या एका हॉटेलात गेलो. दरवाजावरच्या फेटेवाल्यानं सलाम केला. नलूनं तो नीट घेतला. आत दिवाणखान्यासारख्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. नलू एकीत बसली, उठली, दुसरीत बसली. एकही खुर्ची जागची हलली नाही. "हे हॉटेल नसंल," ती म्हणाली. काकाच्या शब्दावर तिचाही थोडा विश्वास होताच की, लहानपणापासून ऐकलेलं.

मग गेटवे. गेटवेची गोष्ट हा काकाचा हुकमी एक्का. आत लिफ्ट आहे, लिफ्टनं माथ्यावर जायचं आणि आभाळ स्वच्छ असलं तर तिथनं आफ्रिकेचा किनारा दिसतो, असं तो सांगे. नलू गेटवेला दोन प्रदक्षिणा घालून आली. कमानीच्या आत गेली, भिंती हातानं चाचपल्या. शेवटी तिथल्या पोलिसाला विचारलं, "साहेब, लिफ्ट कुठल्या बाजूनं?"

पोलीस म्हणाला, "कसली लिफ्ट?"

"वर जायची. आफ्रिका बघायला."

पोलिसानं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि शेजारच्या फोटोवाल्याला बोलावलं. "हिला आफ्रिकेला जायचंय लिफ्टनं." दोघं पोट धरून हसले. मला नलूची दया आली, पण तिच्याकडे बघितलं तर तिचा चेहरा उजळलेला होता. ती तिथंच समुद्राकडे पाठ करून खाली बसली आणि इतकी हसली, की पोलीसच गप्प झाला.

"सुमे," ती म्हणाली, "त्यानं गेटवे बघितलेलंच नाय. गोदीत काम करतो मेला, हितून चालत जाण्याइतकी जवळ गोदी, नि त्यानं गेटवे बघितलेलं नाय."

बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. तीस वर्षांत त्यानं मुंबईत काही बघितलं नव्हतं, आणि ज्यांनी काहीच बघितलं नव्हतं त्यांना तो ते दाखवत होता. दुसरी कुणी असती तर त्या दिवशीच गावाला जाऊन ही गोष्ट फोडली असती. नलू म्हणाली, "मी सांगितलं तर काका म्हणेल, पोरगी खोटं बोलते. गाव त्याचंच ऐकेल. त्याचं त्यानंच दाखवलं पाहिजे."

त्या वर्षभरात ती सुट्टीला घरी गेली की नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांमध्ये जाऊन बसायची. काकाच्या गोष्टी खोट्या असं एकदाही बोलली नाही. उलट त्याच रंगवून सांगायची आणि वर म्हणायची, "भाऊकाकांनी मनावर घेतलं तर तुम्हाला सगळ्यांना दाखवतील. त्यांच्या हातात काय नाय?" गावात अशी एक बाई नव्हती जिचा नवरा नाहीतर दीर त्या खोलीत राहून आला नव्हता, आणि अशीही एक नव्हती जिनं ती खोली बघितली होती. सगळ्यांच्या मनात ते होतंच. नलूनं नुसती फुंकर घातली. गुरवाची बायको सगळ्यात आधी पेटली.

पुढचा शिमगा मी नलूबरोबर तिच्या गावी केला, म्हणून हे डोळ्यांनी बघितलं. पालखी देवळातून निघून सहाणेवर येऊन बसली होती. सहाण म्हणजे शिमग्यात पालखी टेकवायचा गावचा चौथरा. सगळा गाव भोवती उभा. मुंबईकर पुढच्या रांगेत, त्यांच्यात मधोमध भाऊकाका, इस्त्रीचा सफारी, डोक्यावर टोपी, हात जोडलेले, डोळे मिटलेले. नलूच्या आईनं देवीची ओटी भरली, नारळ गुरवाच्या हातात दिला आणि सगळ्या बायांच्या वतीनं गाऱ्हाणं घाला म्हणून सांगितलं. गाऱ्हाण्याची रीत अशी, की गुरव देवीला एकेक मागणं सांगतो आणि प्रत्येक मागण्याला गाव एका आवाजात होकार देतो. त्या होकारात भाऊकाकाचा आवाज दरवर्षी सगळ्यांच्या वर असे. त्याचा त्याला अभिमान होता.

गुरवानं नारळ उचलला. "आई वाघजाये, तुजी लेकरं तुज्या पायाशी आलीत. तुजं लेकरू भाऊ, मुंबईचा मानकरी, त्यानं मनावर घेतलंय, का गावच्या आयाबायांना मुंबई दाकवीन."

"व्हय म्हाराजा." काकाचा आवाज सगळ्यांच्या वर. डोळे मिटलेलेच.

"गेटवेच्या लिफ्टातनं वर नेऊन आफ्रिका दाकवीन."

"व्हय म्हा…" काकाचे डोळे उघडले.

"आपल्या गावच्या खोलीत बायांचा मुक्काम करीन. बाप्ये भायेर निजतील, बाया आत निजतील."

गावानं व्हय म्हाराजा म्हटलं. त्यात बायकांचा आवाज मोठा होता. काकाचं तोंड उघडं होतं, पण आवाज नव्हता. गुरवानं नारळ फोडला, ढोल वाजले आणि पालखी नाचायला लागली. देवीसमोर दिलेला होकार माघारी घ्यायची आमच्याकडे सोय नाही. नलू माझ्या शेजारी उभी होती. तिनं देवीला हात जोडले आणि पिशवी चाचपली, पण त्या दिवशी आंबापोळी घरी राहिली होती.

भाताची झोडणी आटपली आणि हिवाळ्यात दहा-बारा बायका, त्यांच्यात नलूची आई, संगमेश्वरला गाडीत बसल्या. काका बरोबर होताच. काही ना काही निघेल आणि बेत मोडेल या आशेवर त्यानं आठ महिने काढले होते. आम्ही दोघी त्यांना दादरला भेटलो. नलूनं वाकून काकाला नमस्कार केला. "काका, तुम्ही दाखवाल तसं. आम्ही मागनं येतो."

आणि ती खरंच मागून आली. काका चुकीच्या बसमध्ये चढला, नलू बोलली नाही. काका भलत्याच स्टॉपला उतरला, नलू उतरली. ऊन डोक्यावर आलं. बायका कौतुकानं सगळं बघत चालत होत्या. त्यांना चुकलोय हे माहीतच नव्हतं. मला दोनदा वाटलं आता सांगावं. नलूनं माझा हात दाबून धरला. शेवटी काकानं एका पानवाल्याला बाजूला घेऊन कुजबुजत रस्ता विचारला आणि आम्ही गेटवेला पोचलो.

बायका कमानीखाली उभ्या राहून वर बघत होत्या. गुरवीण काकी म्हणाली, "भावजी, लिफ्ट कुटं हाय?"

काका म्हणाला, "आज बंद हाय. दुरुस्ती चाललेय."

"मंग आमी थांबतो की. सांच्यापर्यंत व्हईल ना?" आणि काकी खरंच सावलीत बसली. तिचं बघून बाकीच्याही बसल्या. देवीच्या गाऱ्हाण्यातली गोष्ट. बघितल्याशिवाय जायचं कसं? काका घाम पुसत उभा. तेव्हा नलू शांतपणे पोलिसाकडे गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "साहेब, आमचे काका तीस वर्षं मुंबईत आहेत. ते म्हणतात हितं लिफ्ट आहे. कधी दुरुस्त होणार?"

पोलीस दुसरा होता, पण हसणं तेच. "तीस वर्षं? ताई, हितं लिफ्ट नव्हती, नाय नि व्हायची पण नाय."

बायका हसल्या नाहीत. सगळ्यांनी मिळून नुसतं काकाकडे बघितलं. त्या बघण्यानं तो पायरीवर बसला. खालच्या आवाजात म्हणाला, "नलू, म्होरं तू ने बाय. मी काय बगीतलंय? गोदी नि खोली."

नलू त्याच्यासमोर उभी राहिली. "पण काका, मुंबई बघायला खिशात दम लागतो ना?"

त्यानं मान खाली घातली. मग नलूनं मुंबई दाखवली. डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर बायकांनी सीट अडवल्या आणि झाडाच्या फांद्या काचेवर आपटल्या की ओरडल्या. गॅलरीत एका काळ्या-करड्या चित्रासमोर गुरवीण काकी बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्या चुलीमागची भिंत अशीच हाय. तिला कोन येतंय बगायला?" हॉटेलच्या दारावर फेटेवाल्यानं नलूच्या आईला सलाम केला, तर कुणाला केला म्हणून तिनं मागं वळून पाहिलं. भाकऱ्या समुद्रावर खाल्ल्या. काका सगळीकडे शेवटी चालत होता. त्याच्या हातात बायकांच्या पिशव्या होत्या, आणि तोसुद्धा तोंड उघडं टाकून बघत होता. नलूनं त्याला एकाही गोष्टीचं नाव सांगितलं नाही.

दिवस मावळताना आम्ही लालबागच्या खोलीवर आलो. खोलीतले पुरुष झाडून-बिडून, लाजल्यासारखे दाराशी उभे होते. बायका आत गेल्या. भिंतीलगत ट्रंका, वर खुंट्या. एकेकीनं आपापल्या माणसाची खुंटी विचारली आणि तिच्याखाली जाऊन बसली. नलूच्या आईची खुंटी कोपऱ्यात, मोरीजवळ होती. तिनं खाली बसून दोन्ही हात पसरले, तर एक हात भिंतीला लागला आणि दुसरा शेजारच्या ट्रंकेला.

"एवडीच जागा?" ती म्हणाली.

काका दारातून म्हणाला, "एवडीच वैनी. माजी पन एवडीच हाय." मला कबूल केलं पाहिजे, की त्या क्षणी मला तो माणूस वाईट वाटला नाही. तीस वर्षं एका चटईवर काढायची आणि गावाला जाऊन आफ्रिका दाखवायची, याला काय म्हणायचं? मी नलूकडे पाहिलं. तिचीही मान जराशी वळली होती. वाटलं, आता ती विरघळते.

पण बोलली ती आई. आवाज न चढवता, डोळ्यांत पाणी नसताना, तिनं विचारलं, "भावजी, त्या वक्ताला मी हितं येऊन त्यांच्या उशाशी बसले असते, तर कुनाला अडचन झाली असती?"

आईनं थोडी वाट बघितली. मग तिनं लुगड्याचा पदर झटकला, खुंटीखाली अंथरला आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली, दिवेलागणीच्या वेळी, कुणाला न विचारता. नलूची वळलेली मान सरळ झाली. तिनं काकाची वळकटी उचलली, त्याच्या हातात दिली आणि गॅलरीकडे बोट दाखवलं. दार तिनं स्वतः लावून घेतलं.

काका पुढंही शिमग्याला येत राहिला. पण गाऱ्हाणं पुरतं ऐकून घेतल्याशिवाय तो होकार देत नाही, असं नलूची आई मला नंतर सांगायची. ओटीवरच्या गोष्टी बंद झाल्या. खोलीचा नियमही बदलला. आता वर्षातून एकदा बायकांची पाळी असते. नलू शिकून प्राध्यापक झाली, दूर गेली, आम्ही अधूनमधून भेटतोही. पण माझ्या मनातली नलू दुसऱ्या दिवशी सकाळची आहे.

मी वसतिगृहावरून लेक्चरला जायला निघाले होते आणि वाटेत चाळीखाली थांबून वर पाहिलं. दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर, जिथं एरवी पुरुषांच्या गंज्या वाळत असायच्या, तिथं या टोकापासून त्या टोकापर्यंत बायकांची लुगडी वाळत होती. मधोमध नलू उभी, हातात आंबापोळी. खाली नळावर रांग होती आणि रांगेत भाऊकाका. बायकांच्या आंघोळीचं पाणी भरून भरून त्याचा सफारी भिजला होता. त्यानं भरलेली बादली उचलून वर नेऊन ठेवली, रिकामी घेऊन खाली आला आणि जरा दम खायला टेकला. नलूनं आंबापोळीचा तुकडा मोडून तोंडात टाकला, सावकाश चघळला, आणि वरून गोड आवाजात म्हणाली, "काका, अजून एक लागेल."